आम्ही म्हणजे कोण कोण

फोन वाजला तेव्हा मामा पेल्यातलं पाणी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन त्यांना कैक वर्षं झाली होती, पण हाताची सवय काही जात नव्हती. पाणी आधी उजेडात धरायचं, मग हुंगायचं, मग घोटभर तोंडात घोळवायचं, आणि ते कितीही चांगलं असलं तरी नाक थोडं मुरडायचं, कारण चांगलं म्हटलं की हाताखालची माणसं सैल पडतात. आता हाताखाली कोणी नव्हतं. खरं तर आजूबाजूलाही कोणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मामा आणि त्यांचं नाक एवढेच राहत होते.

त्यांना मामा म्हणायची ती ताईची मुलं, आणि नुसतं मामा नाही तर चतुरमामा. चतुर म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा, मोठ्या डोळ्यांचा, चार पारदर्शक पंखांचा तो किडा. त्याचीच चुलत बहीण म्हणजे टाचणी: अंगाने सुतासारखी बारीक, आणि बसली की पंख मिटून घेणारी. या दोघांपायी मामांनी आयुष्यातल्या सगळ्या सुट्ट्या डबक्यांच्या काठी घालवल्या होत्या. मामांना चतुर कळतात पण स्वतः ते चतुर नाहीत, हा विनोद घरात इतक्यांदा होऊन गेला होता की पुढे तो करायचा सगळ्यांना कंटाळा आला. मामांना मात्र तो बंद झाल्याचं वाईट वाटलं. चेष्टा करायला निदान माणूस समोर असावा लागतो.

त्यांना फोन यायचे ते दोनच जातींचे. रविवारी ताईचा, आणि इतर दिवशी विमा विकणाऱ्या मुलींचे. मामा विमा कधीच घेत नसत, पण फोनही ठेवत नसत. तुमच्या कचेरीत पाणी कसं येतं, टाकी कधी धुतात, पिवळट दिसतं का, अशी चौकशी ते इतक्या आस्थेने करत की शेवटी त्या मुलीच काहीतरी निमित्त काढून सुटका करून घेत. विकणाराच पळून जावा असं गिऱ्हाईक त्यांच्या यादीत दुसरं नसेल.

"मला विमा नकोय," मामा आज म्हणाले, "पण बोला."

"विमा नाही, सर. तुम्ही पूर्वी निसर्गाच्या एका मासिकात लिहायचात ना? दर महिन्याला, चतुर आणि टाचण्यांवर?"

मामांनी पेला आधी टेबलावर ठेवला, मग तिथून उचलून खिडकीत ठेवला, आणि मग स्वतः खुर्चीवर बसले. ते मासिक बंद पडून जमाना लोटला होता. संपादक गेले आणि त्यांच्या मागोमाग मासिकही गेलं. हल्ली त्याचं नाव मामांनी स्वतःच्या तोंडूनसुद्धा ऐकलं नव्हतं, कारण ते घ्यायचं कोणापुढे.

मुलगी भराभर बोलत होती. सर्दीने तिचा आवाज बसला होता आणि मधूनमधून ती नाक ओढत होती. असली जुनी मासिकं, अहवाल, टिपणं कुठल्या कुठल्या ग्रंथालयांत कुजत पडली आहेत, सर, ती आम्ही आणून पान न् पान यंत्राला वाचायला देतो. यंत्र त्यातून प्राण्याचं नाव, जागा, तारीख आणि कोणी पाहिलं ते वेचून काढतं. मग त्याचा नकाशा होतो आणि तो कोणालाही घरबसल्या बघता येतो. एरवी एखादा किडा पूर्वी कुठे दिसायचा हे शोधायचं तर माणसाला शिपायाची मनधरणी करून धुळीत शिंकत बसावं लागतं. यंत्र चुकतं तिथे ती दुरुस्त करते. "थोडक्यात मी दुरुस्तीवाली," ती म्हणाली.

"यंत्र चुकतं?" मामांना जरा बरं वाटलं.

"चुकतं म्हणजे काय, सर. तुमच्या मासिकाच्या मागच्या पानावर साबणाची जाहिरात असायची, चतुर गृहिणींची पसंती म्हणून. यंत्राने ते चतुर धरले. दर महिन्याला, सगळ्या माद्या, मोठ्या संख्येने. आणि एका अंकात संपादकांनी लिहिलंय की छापखान्यातल्या टाचण्या संपल्यामुळे अंकाला उशीर झाला. यंत्राने नोंद केली की छापखान्याच्या परिसरातून टाचण्या नामशेष झाल्या."

मामा हसले. आपल्या हसण्याचा आवाज त्यांना परका वाटला, म्हणून ते लगेच गप्प झाले. मग त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या नोंदी कोणी वाचल्या म्हणायच्या?"

"आधी यंत्राने, मग मी. सगळ्या वाचल्या. छान लिहायचात, सर. आणि काळजी करू नका, सगळ्या हिरव्या झाल्यात."

हिरव्या म्हणजे काय, हे तिने समजावून सांगितलं. नमुना नसेल, फोटो नसेल, नुसतंच डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तर पाहणारे निदान दोघं हवेत. दोघांनी पाहिलं की नोंद पक्की, नकाशावर ठिपका हिरवा. एकट्यानेच पाहिलं असेल तर नोंद अपुष्ट, ठिपका राखाडी. राखाडी ठिपके नकाशावर नुसते राहतात. पुढे कुठल्या हिशेबात त्यांना कोणी धरत नाही.

"तुमचं बरं होतं," दुरुस्तीवाली म्हणाली. "तुम्ही सगळीकडे 'आम्ही पाहिलं', 'आम्हाला दिसलं' असं लिहिलंय. शिवाय संपादक प्रत्येक वर्षाच्या शेवटी तुमचे आणि वहिनींचे आभार मानतात. म्हणून पाहणाऱ्यांच्या रकान्यात मी सगळीकडे दोन घातले, तुम्ही आणि मॅडम. फक्त एक नोंद अडलीय. जलशुद्धीकरण केंद्रामागच्या तळ्यावरची, शेंदरी टोकाच्या टाचणीची. तिथे तेवढं तुम्ही 'मी' लिहिलंय. सबंध लेखनात तो एकच 'मी' आहे, सर. आणि नेमकी ती टाचणी या भागात दुसऱ्या कोणी कधी पाहिलेलीच नाही. त्या दिवशी मॅडम बरोबर नव्हत्या का? असतील तर सांगा, मी दुरुस्त करते. पुढच्या आठवड्याअखेर आमची यादी बंद होतेय."

"आठवून सांगतो," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. स्वतःहून फोन ठेवायची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ.

आठवायला काही नव्हतं. मॅडम त्या दिवशी बरोबर नव्हत्या, कारण मॅडम नावाचं कोणी कधी नव्हतंच. मामांचं लग्न झालं नव्हतं. डबक्याकाठी ते एकटेच जात, एकटेच वाकून बसत, एकटेच डबा खात, आणि घरी येऊन लिहीत, 'आम्ही पाहिलं'. सुरुवातीला यात लबाडी नव्हती. पहिला लेख लिहिताना 'मी' लिहिलं तर ते फार मिरवल्यासारखं दिसलं, म्हणून त्यांनी सभ्यपणे 'आम्ही' केलं. छापून आल्यावर वाचलं तर ते भलतंच गोड वाटलं. 'आम्ही ओढ्याकाठी विसावलो.' 'परतताना आम्हाला उशीर झाला.' वाचणाऱ्याला वाटावं, दोन माणसं रमतगमत घरी चालली आहेत. मामांनाही वाचताना तसंच वाटे, आणि महिन्यातून एकदा तसं वाटायला काही खर्च नव्हता.

पुढे संपादकांनी पत्राखाली लिहिलं, 'वहिनींना नमस्कार.' आता एवढ्यासाठी उलट टपाली खुलासा काय करायचा, असं म्हणून मामांनी ते सोडून दिलं. तिथेच सगळं फसलं. वाचकांच्या मेळाव्याचं आमंत्रण दोघांच्या नावे आलं, मामा एकटेच गेले, आणि दारातच कोणीतरी विचारलं, वहिनी कुठायत? मामांच्या तोंडून निघून गेलं, तिला बरं नाही. झालं. तेव्हापासून मासिक बंद पडेपर्यंत वहिनींना बरं वाटलं नाही. लोक कळवळून औषधं सुचवत. एका वाचकाने डोंगरातला कुठलासा काढा बाटलीत भरून पाठवला होता, तो मामांनी प्रयोगशाळेत तपासून पाहिला आणि मोरीत ओतला.

प्रयोगशाळेत मात्र सगळ्यांना खरं ठाऊक होतं. मासिक तिथे यायचं, आणि मोठे साहेब चहाच्या वेळी मामांचा लेख सगळ्यांना वाचून दाखवत. 'आम्ही' आलं की थांबायचे, चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "हे आम्ही म्हणजे कोण कोण?" मग सगळी प्रयोगशाळा खोखो हसायची. मामाही हसायचे. प्रश्नाला उत्तर नव्हतं, तोवर हसायला काही वाटत नव्हतं.

हसायची नाही ती शेजारच्या टेबलावरची. तिला सगळे क्लोरीन म्हणत. एक तर पाण्यातला क्लोरीन तपासायचं काम तिचं, आणि दुसरं म्हणजे तिच्यासमोर कोणाचा वाह्यातपणा टिकत नसे. मामांशी ती कामापुरतं बोले. पण मामांची बाटली विसळायची राहिली तर ती विसळून ठेवी, आणि मासिक आलं की सगळ्यांचं वाचून झाल्यावर घरी घेऊन जाई. मामांना ती आवडत होती. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, तिला तर नाहीच. रोज उद्यावर टाकता टाकता एक दिवस ती पेढे घेऊन आली. तिचं लग्न ठरलं होतं, आणि महिनाअखेर ती नोकरी सोडणार होती.

त्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी दोघांची पाळी एकत्र लागली. सुट्टी माणसांना असते, पाण्याला नसते. दोघं बाटल्या घेऊन केंद्रामागच्या तळ्यावर गेली. तिथल्या लव्हाळ्यावर मामांना ती दिसली: काळीशार, काडीएवढी, आणि शेपटीच्या टोकाला शेंदराचा ठिपका. मामांनी पुस्तकात सोडून ती कधी पाहिली नव्हती. त्यांनी श्वास रोखून बोट दाखवलं. क्लोरीन त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. टाचणी बराच वेळ बसून होती, तोवर ती दोघंही हलली नाहीत. मग टाचणी उडाली. दोघांनी बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ती परत आली. बोलणं म्हणाल तर वाटेत क्लोरीन एवढंच म्हणाली की पाणी आज जरा गढूळ आहे, आणि मामा म्हणाले, हो, जरा आहे.

संध्याकाळी टिपण लिहायला बसले तेव्हा मामांच्या हाताने सवयीने 'आम्ही' लिहिलं आणि हात तिथेच थांबला. आजवर लिहिलेल्यांपैकी हे पहिलंच 'आम्ही' खरं होतं. पण टिपणाखाली तारीख छापून येणार होती, आणि त्या तारखेला पाळीवर कोण कोण होतं हे भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेलं होतं. मोठे साहेब चष्म्यावरून बघून विचारणार, आम्ही म्हणजे कोण कोण, आणि या खेपेला उत्तर शेजारच्या टेबलावर बसलेलं असणार. लग्न ठरलेल्या मुलीची कशाला शोभा करायची? मामांनी 'आम्ही' खोडलं आणि 'मी' लिहिलं. महिन्याअखेर ती गेली. ती टाचणीही मामांना पुन्हा कधी दिसली नाही, आणि शोधायला ते काही कमी वेळा गेले नव्हते.

आता यंत्राने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. जिथे मामा एकटे होते तिथे सगळीकडे दोघं, म्हणून हिरवं. जिथे खरोखर दोघं होती तिथे एकटे, म्हणून राखाडी. खात्यात असताना दोन सह्यांशिवाय त्यांनी एक बाटली पुढे जाऊ दिली नव्हती, आणि इकडे आयुष्यभराच्या टिपणांवर न जन्मलेल्या बाईची सही घालून ठेवली होती. पण खरं बोलायचं तर मामांना टोचत होतं ते हे नव्हे. राखाडी म्हणजे हिशेबात नाही. टाचणी हिशेबात नाही म्हणजे ती तिथे बसलीच नव्हती, आणि ती बसली नव्हती तर तिच्यासाठी थांबलेली दोन माणसंही तिथे नव्हती. मामांच्या आयुष्यात कोणाशेजारी उभं राहण्याची म्हणावी अशी एकच दुपार होती, आणि ती झाली नाही असं आता छापील ठरणार होतं. हे त्यांना सहन होईना.

रविवारी ताईचा फोन आला. आधी तिने गुडघ्यांची हकिगत सांगितली, मग मामांनी ही.

"एवढंच ना," ताई म्हणाली. "सांगून टाक, बायको होती म्हणून. इतकी वर्षं आजारी आहे बिचारी, तेवढा एक दिवस बरी होती म्हणावं."

"थट्टा नको गं."

"थट्टा कुठे करतेय. तू लिहायचास तेव्हा मला वाटायचं, लिहितोय तर लिहू दे, कोणाचं काय जातंय." मग तिने विचारलं, "त्या दिवशी होतं का कोणी?"

मामांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी पुन्हा सुरू केली. ताईने बहीण या नात्याने काय ओळखायचं ते ओळखलं.

"मग तिलाच विचार ना, गाढवा. जिवंत आहे का?"

जिवंत होती. निवृत्त कर्मचाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट होता. सकाळी सुप्रभात आणि अधूनमधून कोणाच्या तरी निधनाची बातमी, एवढंच त्यात चाले. त्यात ती होती. नावापुढे सासरचं आडनाव, फोटोच्या जागी कुठल्याशा बाळाचे पाय. मामा तो नंबर कितीतरी वेळ बघत बसले. मग उठून त्यांनी पेलाभर पाणी घेतलं आणि ते उजेडात न धरताच पिऊन टाकलं.

फोन उचलला गेला तेव्हा पलीकडे भांडी लावल्याचा आवाज येत होता, कोणीतरी मूल रडत होतं आणि कोणीतरी त्याला रागावत होतं. मामांनी दोनदा घसा खाकरला.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"कसं ओळखलंत?"

"खाकरलात ना. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचात. थांबा, जरा बाहेर येते, इथे काही ऐकू यायचं नाही."

दार लोटल्याचा आवाज आला आणि भांडी दूर गेली. मामांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. यंत्र, नकाशा, हिरवं, राखाडी. घाबरले की ते फार तपशिलात शिरत, तसे आताही शिरले, आणि दुरुस्तीवालीच्या सर्दीपर्यंत पोचले. तिने मधे तोंड घातलं नाही. पूर्वीही घालत नसे.

"म्हणजे मी सांगायचं, की मी पण पाहिली," ती शेवटी म्हणाली.

"हो. नुसतं हो म्हणायचं. ती मुलगी तुम्हाला फोन करेल."

"त्या तळ्यावर."

"हो. लव्हाळ्यावर बसली होती. मी बोट दाखवलं होतं, आठवतं?"

"बोट दाखवलंत ते आठवतं," ती म्हणाली. "बाहीचं बटण तुटलं होतं तुमच्या. त्या जागी टाचणी लावली होती. साधी, कपड्याला लावायची."

मामांना हे आठवत नव्हतं. "आणि लव्हाळ्यावरची?" त्यांनी विचारलं.

फोन तुटला की काय म्हणून मामांनी तो कानापासून लांब धरून पाहिला.

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "मी तिकडे बघतच नव्हते."

"ऊन डोळ्यांवर येत होतं का?"

"नाही. ऊन पाठीमागे होतं."

एवढं सांगूनही मामांना कळायला वेळ लागला. चतुर नव्हतेच ते. कळलं तेव्हा ते खुर्चीवर बसलेले होते, ते एक बरं झालं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ते पूर्वीसारखंच उद्यावर पडलं. खाकरलं तर तिला ऐकू जाईल म्हणून त्यांनी खाकरायचंही टाळलं.

"सांगते मी हवं तर," ती म्हणाली. "पाहिली म्हणून. तुम्ही म्हणाल तर सांगते. तुमचं काम अडायला नको."

"नको," मामा म्हणाले. "न पाहता सही नको."

"तेच म्हटलं, तुम्हाला नाही चालायचं ते." ती हसली असावी. मग आतून कोणीतरी तिला हाक मारली, आजी म्हणून, आणि ती म्हणाली, "ठेवू?" मामा म्हणाले, "ठेवा." दोघांनीही लगेच ठेवला नाही. मग तिकडूनच ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दुरुस्तीवालीला फोन लावला. तिची सर्दी उतरली होती.

"बोला, सर. आठवलं का?"

"आधी बाकीच्या दुरुस्त करा," मामा म्हणाले. "सगळ्या 'आम्हीं'चा एक करा."

"एक म्हणजे?"

"पाहणारा एक. मी एकटाच असायचो."

"मग मॅडम?"

"मॅडम नाहीत."

तिचा आवाज एकदम खाली आला. "माफ करा, सर, मला माहीत नव्हतं. कधी गेल्या?"

"आल्याच नाहीत," मामा म्हणाले. "लिहायची पद्धत होती ती. चूक माझी आहे, तुमची नाही आणि यंत्राचीही नाही."

दुरुस्तीवाली बिचारी गडबडली. कळफलकावर काहीतरी वाजलं, मग वाजायचं थांबलं. "सर, मग तुमचं सगळंच राखाडी होईल. एकही हिरवी उरणार नाही. नक्की करू?"

"करा."

तिने केलं. वेळ लागला, कारण नोंदी पुष्कळ होत्या. मामा फोन कानाला लावून ऐकत बसले. एकेक कळ वाजत होती आणि एकेका डबक्याकाठून वहिनी उठून जात होत्या. मामांना वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. त्यांची सोबत तशीही बेताचीच होती.

"झालं," ती म्हणाली. "आणि ती शेंदरी टोकाची? तिथे एकच ठेवू?"

"पाहणारा एकच," मामा म्हणाले. "पण तिथे दोघं होतो."

"मग दोन घालते ना, सर. तेवढी तरी हिरवी होईल."

"नाही. दुसरीचं लक्ष नव्हतं."

"मग तीही अपुष्टच राहणार."

"राहू द्या," मामा म्हणाले. आता मात्र त्यांनी दोनदा घसा खाकरला. "पण तिथे दोघं होतो, हे कुठे लिहिता येईल का? हिशेबात नाही धरलं तरी चालेल. नुसतं लिहिलेलं असलं म्हणजे झालं."

"शेवटी शेऱ्याचा रकाना आहे," ती जरा विचार करून म्हणाली. "पण तो कोणी वाचत नाही, सर. यंत्रसुद्धा सोडून देतं."

"चालेल. तिथे लिहा. तळ्यावर आम्ही दोघं होतो."

कळा वाजल्या. "आम्ही दोघं होतो," ती लिहिता लिहिता पुटपुटली. मग कामाच्या सवयीने तिने विचारलं, "दोघं म्हणजे कोण कोण, सर? त्यांचं नाव सांगता?"

मामांनी नाव सांगितलं. हे नाव त्यांनी मोठ्याने कधी घेतलंच नव्हतं. प्रयोगशाळेत सगळे क्लोरीनच म्हणायचे, आणि मामा तर तेही म्हणत नसत. खोलीत ते दोन क्षण ऐकू आलं.

"आडनाव?"

"आता वेगळं आहे."

"मग कोणतं घालू?"

"त्या दिवशी होतं ते," मामा म्हणाले, आणि तिची लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून एकेक अक्षर सुटं करून सांगू लागले.